तात्यांचा भोपळा कुठं गेला

मंडळी, मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या.

शिराळ्याजवळच्या गावात आमची दूध डेअरी आहे. माझा लेक होता तोवर तोच बघायचा. मलाही काम जमावं म्हणून त्यानं जुन्या कॉम्प्युटरवर दूध घालणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढं चित्र घातलं होतं. टकल्या तात्यांना भोपळा, भांडकुदळ सखूला मिरची. चित्र दाबायचं, किटली काट्यावर ठेवायची, झालं. लेक गेल्यावर त्या चित्रांवरच मी डेअरी चालवली.

आज सकाळपासून नवं, इंटरनेटवरचं सॉफ्टवेअर आलं. चांगलं आहे, खोटं का बोलू. सुनेला सांगलीत बसून सगळं दिसतं, प्रत्येकाच्या मोबाईलवर लगेच मेसेज जातो. पण त्यात चित्रं नाहीत, नुसती नावं.

तात्या किटली घेऊन आले. "आवं वैनी, दाबा की माझा भोपळा."

"भोपळा न्हाई आता. तुमी शिकल्यासवरल्यांत गेलासा."

तात्या हसले आणि त्यांनी किटली काट्यावर ठेवली. बटण नातीनं दाबलं.

दुपारी जुना कॉम्प्युटर गुंडाळून ठेवायच्या आधी मी एकदा लावायला सांगितला. आमच्या घरच्या दुधापुढं, माझ्या नावाला, लेकानं कोंबडी घातली होती. "दिवसभर कलकल करतीस आई," म्हणायचा. तिच्याकडं बघत बसले.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये माझं नाव कुठलं, ते मला नातीला विचारावं लागलं.

तुमच्या दुकानात, ऑफिसात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याच्यासाठी स्क्रीनवर काय ठेवलंय तुम्ही?