मागचे पाय नसलेली खुर्ची

आरमोरीच्या बाजाराच्या रस्त्यावर इस्तारीभाऊंचं वेल्डिंगचं दुकान आहे. दारावर पाटी नाही, स्टीलच्या पाइपचे दोन तुकडे टांगलेत. त्या तुकड्यांची गोष्ट मीच सांगतो. भाऊंना विचाराल तर ते चहा पाजतील आणि दोन वाक्यांत आटोपतील.

तीस वर्षांपूर्वी राइस मिलवाल्या भैयाजींनी वडिलांची आवडती खुर्ची चकचकीत करायला दुकानात धाडली. एकच पाइप वळवत वळवत केलेली खुर्ची. पुढे दोन पाय, मागे एकही नाही. भाऊंना वाटलं, मागचे मोडले असतील. त्यांनी न विचारता दोन नवे पाय जोडून दिले, वर त्याची मजुरीही घेतली नाही. भैयाजी 'छान' म्हणाले. पण त्या खुर्चीत पुन्हा कधी बसले नाहीत.

गेल्या वर्षी भाऊ नागपूरला गेले होते. तिथल्या एका कचेरीत तशाच खुर्च्यांची रांग होती. ते एकीवर टेकले, तर ती अलगद झुलली. तेव्हा भाऊंना कळलं, भैयाजींच्या खुर्चीला मागचे पाय मुळात नव्हतेच. घरीसुद्धा न जाता ते तडक भैयाजींकडे गेले.

"खुर्ची द्या, भैयाजी. माह्या हातानं तिची वाट लागली."

जोडलेले पाय कापले, पण जुना पाइप वेल्डिंगनं कमजोर झाला होता. तळाचा अख्खा पाइप नवा वळवायला हवा होता, आणि वळताना तो चपटला की मेहनत पाण्यात. भाऊंनी वैनगंगेची रेती वाळवली, पाइपात ठासून भरली, तोंडं बंद केली आणि तापवून हळूहळू वाकवायला घेतलं. दोनदा पाइप चपटला. बाजारातले शहाणे म्हणाले, प्लास्टिकची नवी घेऊन द्या म्हातार्‍याला. माझं डोकंच फिरलं. भाऊ मात्र पुन्हा रेती चाळायला बसले. तिसर्‍यांदा पाइप वळला, एकही सुरकुती नाही! भाऊंच्या बायकोनं, गिरजाबाईनं, जाळं विणायच्या गाठींनी बैठक नव्यानं विणली. मासेमारांच्या घरची गाठ ती, सुटते कशाला?

ब्याऐंशी वर्षांचे भैयाजी काठी टेकत आले. भैयाजी बसले. खुर्ची थोडी खाली गेली, वर आली आणि झुलू लागली.

"बाबा असेच झुलत पेपर वाचत," ते डोळे मिटून म्हणाले.

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं मले?"

"तू एवढ्या मनानं पाय लावले होते, इस्तारी. काढ असं म्हणायले माही जीभ नाई रेटली."

मला तर रडूच आलं, आणि भाऊ आपल्या गावचे आहेत याचा अभिमानही वाटला. त्याच दुपारी त्यांनी ते कापलेले दोन पाय दारावर टांगले. कुणी विचारलंच तर आता ताठ मानेनं सांगतात, "माही चूक हाये ते. आन् मीच सुधरवली."