पुंजाजींचा बंद पडलेला फोन

भावना अमरावतीत चौघांच्या एका लहानशा चमूची प्रमुख होती. वऱ्हाडातल्या गावोगावच्या ग्रंथालयांच्या वेबसाइटसाठी ही चौघं मिळून एक सामायिक साचा सांभाळत. अक्षरं, रंग, पुस्तक शोधायची चौकट, बटणं, सगळं एकाच ठिकाणी घडवायचं आणि तिथं बदललं की अकोटपासून वरूडपर्यंत सगळीकडे आपोआप बदलायचं. या कामाचा तिला अभिमान होता. अकोल्याला घरी गेली की ती वडिलांना तासभर त्याबद्दलच सांगत बसे.

वडील पुंजाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर काचबिंदूनं नजर गेली. फोन पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, हे भावनानंच त्यांना शिकवलं होतं. बोटानं चाचपत ते ग्रंथालयाच्या वेबसाइटवर जायचे आणि ध्वनिपुस्तकं ऐकायचे. जेवताना भावनाच्या आईला, केशरबाईंना, त्यातल्या गोष्टी सांगायचे.

उन्हाळ्यात भावनानं साच्याचं रूप बदललं. बटणांवरचे शब्द काढून तिथं सुबक चित्रं बसवली. चमूतला नितेश म्हणाला, "ताई, चित्रांच्या मागं नावं द्यायची राहिली. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन काय वाचेल?"

"पुढच्या वेळी बघू," ती म्हणाली. उद्‌घाटनाची तारीख ठरली होती. कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या.

काही दिवसांनी अकोटच्या ग्रंथपाल साधनाताईंचा फोन आला. "आमच्या ओमप्रकाशजीले पुस्तक लावताच येऊन नाही राहिलं हो. त्याइले दिसत नाही."

भावना घाईत होती. "त्यांना फोन बंद करून चालू करायला सांगा," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

नंतरच्या रविवारी ती अकोल्याला आली. पुंजाजी ओसरीत गप्प बसून होते. केशरबाई तिला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, "तुह्ये बाबा विसरून राहिले सारं. डॉक्टरकडे नेलं होतं. पुस्तकं ऐकणंबी सोडलं."

भावनानं बाहेर येऊन वडिलांच्या हातात फोन दिला. "लावा बरं, बाबा."

त्यांचं बोट पडद्यावरून सरकत गेलं. फोन म्हणाला, "बटन." बोट पुढं सरकलं. "बटन." पुन्हा, "बटन." पुंजाजींनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"हे पाह्य. मले येतच नाही आता."

"काहून नाही सांगितलं तुमी मले?"

"लाज वाटली. तुह्यं बनवलेलं, त्यात खोट कशी राहीन? खोट माह्याच डोक्यात असन."

तिला खरं सांगता आलं नाही. "फोन बिघडला होता, बाबा. करते नीट," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं नितेशला फोन लावला. रविवार असूनही तो लगेच कामाला बसला. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असं एकदाही म्हणाला नाही. ते तिला जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक बटणाला नाव मिळालं.

पुंजाजींनी पुस्तक लावून पाहिलं. ते लागलं. लहान मुलासारखे हसत ते केशरबाईंना म्हणाले, "फोन खराब होता वो! मी नाही! त्या डॉक्टरले सांगून येऊ आपण."

ते हसणं भावनाला सोसवेना. ती त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, फोन चांगला होता. नावं मी काढली. नितेशनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी."

पुंजाजींनी तिच्याकडे वळलेला चेहरा दुसरीकडे फिरवला. मग विचारलं, "माह्यासारखे अजून किती?"

तिला माहीत नव्हतं. एक नाव मात्र ठाऊक होतं. सोमवारी तिनं साधनाताईंची माफी मागितली, ओमप्रकाशजींचा नंबर घेतला आणि त्यांनाही सगळं सांगितलं.

"असं होय," ते शांतपणे म्हणाले. "मले वाटलं, आता आपल्यासारख्याइसाठी बंद केलं. म्हणून पुन्हा विचारलं नाही."



तेव्हापासून साच्यातला कुठलाही बदल आधी पुंजाजी आणि त्यांच्यासारखेच आणखी काही वाचक ऐकून पाहतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय तो कुठल्याच वेबसाइटवर जात नाही. ओमप्रकाशजींनाही तिनं बोलावलं होतं. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. ते हल्ली नातीकडून पुस्तक वाचून घेतात. वेबसाइटवर ते परत आलेच नाहीत.