नीलगिरीची बाटली आणि बैलांची पावती

ती घटना आठवायला मला आजही नीलगिरीच्या तेलाचा वास पुरतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. बोरी अरब गावच्या एका शेतकरी बाईंची बैलजोडी गोठ्यातून चोरीला गेली. पुढे ती राळेगावकडच्या एका शेतकऱ्याच्या दावणीला सापडली. त्याने ती आमच्या हद्दीतल्या बैलबाजारात एका दलालामार्फत घेतली होती. दलालाने जोडी कोणा अनोळखी माणसाची असल्याचे सांगून हात वर केले. पावती होती, तिच्यावर बाजाराचा गोल शिक्काही होता. बाजाराच्या कारकुनाने मात्र शिक्का आपला नसल्याचे लिहून दिले. मी कागद उजेडात धरला. रबरी शिक्क्याची शाई कागदात मुरते. ही वर बसली होती, नखाने खरवडता येईल अशी.

बसस्थानकाबाहेरचा चहावाला आमचा खबऱ्या होता. तो म्हणाला, “साहेब, फ्रेमवाल्याले विचारा. तो कागदावरचा फोटो लाकडावर उतरवते. निस्तं तेल लावते आन् घासते.”

फ्रेमवाला पन्नाशीचा, शांत माणूस. घरोघरच्या दिवंगत माणसांचे फोटो तो सागाच्या फळ्यांवर उतरवून देई. झेरॉक्स पालथी ठेवायची, कापसाने नीलगिरीचे तेल लावायचे, चमच्याच्या पाठीने घासायचे. कागद उचलला की चेहरा लाकडावर. आम्ही पंचनामा करून बाटली, कापूस, चमचा जप्त केला.

दोन दिवसांनी मुद्देमालाच्या डब्यातून पावती काढली, तर तिला नीलगिरीचा स्वच्छ वास. माझ्या लेखी प्रकरण संपले होते. फ्रेमवाल्याला चौकशीला बोलावले.

हवालदाराने पावती त्याच्या नाकाशी धरली. “तुयाच तेलाचा वास येऊन राह्यला. तेल काय पायानं चालत आलं?”

“मले डबा दाखवा.”

डबा दाखवला. त्याने बाटलीचे झाकण बोटाने फिरवले. “ढिल्लं हाय. तुम्ही बाटली आन् कागद एकाच डब्यात कोंबले, साहेब. तुमचा रुमाल ठेवा दोन दिवस, त्यालेबी येईन वास.”

हवालदार छताकडे पाहू लागला. मी झाकण घट्ट केले.

“मले आरोपी केलं,” तो हळूच म्हणाला, “तं आपल्या बापाचा फोटो घेऊन माह्या दुकानात कोण येईन?”

त्याला घरी सोडले. बैल घेणाऱ्या शेतकऱ्याला पुन्हा बोलावून एकच प्रश्न विचारला: पावती हातात आली तेव्हा तिला वास होता का?

“होता ना. लवंगेचा. दलाल म्हणे, दाढ दुखून राह्यली, तेल लावलं.”

मी हे फ्रेमवाल्याला त्याच्या दुकानात जाऊन सांगितले. त्याच्या हातातला नवा चमचा थांबला.

“त्या दलालानं बापाचा फोटो माह्याकडूनच केला, साहेब. तासभर बसून पाह्यलं. म्हणे, नीलगिरी नसन तं? म्या म्हटलं, लवंगेचं तेल बी चालते. अक्षरं उलटी उमटते, तं आधी उलटी झेरॉक्स काढा लागते, हेबी म्याच सांगतलं. मले का माहीत, हा कायले विचारून राह्यला!”

दलालाच्या घरझडतीत लवंगेच्या तेलाची बाटली आणि शिक्क्याची उलटी रंगीत झेरॉक्स मिळाली. तो गालाला हात लावून बसला होता. आधी डावा गाल धरला, चहा आल्यावर उजवा. हवालदार म्हणाला, “भाऊ, एक दाढ पक्की कर.” संध्याकाळपर्यंत त्याने चोरी आणि पावती दोन्ही कबूल केले. बैल पेरणीआधी बोरी अरबला परत गेले.

त्या दिवसापासून माझ्या ठाण्यात प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात सीलबंद होऊ लागली. आम्ही साक्षीदाराला तो कुठे होता हे दहा वेळा विचारतो. पुराव्यालाही ते विचारायला हवे, हे मी तिथे शिकलो. आणि मनासारखा पुरावा मिळाला तर आधी विचारायला हवे.

न्यायालयाच्या आदेशाने बाटली फ्रेमवाल्याला परत दिली. काही महिन्यांनी दुकानात डोकावलो. गिऱ्हाइके होती, आणि बाटलीवर आमची मुद्देमालाची चिठ्ठी, माझ्या सहीसकट, तशीच होती.

“काढली काहून नाही?” मी विचारले.

“राहू द्या, साहेब. लोकं विचारते, तेल असली हाय का? मी म्हणतो, पोलिसांनी तपासलं हाय.”