कापसाची खोली
दिवाळीच्या सुमारास वेचलेला कापूस घरात येऊन पडला की त्याचा कोमट, धुळकट वास सुटतो, आणि मला शाळेतली ती अडगळीची खोली आठवते. मी शिकवायचे त्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी होती. खिचडीच्या वेळी ताटं आदळू लागली की ती कान दाबून किंचाळायची आणि घरी पळायची. तिला निवांत बसता यावं म्हणून मी ती खोली झाडूनपुसून घेतली, निळा बल्ब लावला, मऊ चेंडू ठेवले आणि मोठ्या हौसेनं खिडकीत घुंगरांची माळ टांगली. वाऱ्यानं माळ वाजली तशी ती बाकाखाली शिरली. घ्यायला आलेली तिची आई म्हणाली, "मॅडम, हे घुंगरू कायले बांधले? घरी हे कापसाच्या खोलीत जाऊन बसते. तिथं आवाजच येत नाई." दुसऱ्या दिवशी त्या आईनं गाठोडंभर कापूस आणला. मग इतर घरांतूनही गाठोडी आली आणि खोली गुडघाभर भरली. ताटं वाजायच्या आत मुलगी तिथं जाऊन कापसातली सरकी काढत बसायची. तिचं पळणं थांबलं. एकदा मी वर्गावर इतकी ओरडले की माझाच घसा बसला. ती उठली, माझं बोट धरून मला त्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी बसा इथं. मी वर्ग पाहतो." मी बसले. यंदाही घरात कापूस आलाय. मघाशी नातवावर ओरडले, आणि मुकाट्यानं जाऊन त्यात बसले.