डोईफोडियाच्या जंगलात मला ‘ओ’ कोणी दिली?

या पानावरचे अनुभव मी दुपारी भांडी आवरली की वाचते आणि खरं सांगू का, बहुतेकांना हसते. शाहपूरला, म्हणजे माझ्या माहेरी, असल्या गोष्टी ढिगाने. विहिरीवर बाई दिसते, केळीच्या बागेत भरदुपारी कोणीतरी हसतं... मी त्याच विहिरीचं पाणी पिऊन मोठी झाले, मला कधी काळं कुत्रंही आडवं गेलं नाही. त्यात लग्न करून बुऱ्हाणपुरात आले तर नवरा मिळाला विज्ञानाचा मास्तर! म्हणजे उरलंसुरलं होतं तेही गेलं. तेव्हा पुढचं वाचून ‘ही बाई मुळातच भित्री असेल’ असं कोणी म्हणू नका. भित्री नाही मी. आळशी आहे.

आळशी म्हणजे चालायच्या बाबतीत. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला मी स्कूटी काढते. माझं फॉल-पिकोचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, उंबरा ओलांडला की ड्युटी सुरू. आमचे सर मात्र रिटायर झाल्यापासून चालण्याच्या मागे लागले. (अख्खा मोहल्ला त्यांना सर म्हणतो, म्हणून इथे मीही सरच लिहिते.) त्यांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि डॉक्टरांनी ‘चाला’ म्हटलं की आमचे सर पळायला लागतात. सकाळी फिरणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये गेले. तिथले चौधरी भाऊ पुढारी, बोलण्यात निम्मी हिंदी. त्यांनीच टूम काढली, दिवाळी झाली की डोईफोडियाच्या पुढच्या जंगलात जाऊ. तिथे राखीव जंगलात फिरायला वाट काढली आहे, वर टेकडीवर बसायला छत्री आहे, सोबतीला गावचा माणूस मिळतो.

“तूही चल,” सर म्हणाले.

“मी कशाला? जंगलात झाडं असतात हे मला माहीत आहे.”

“भाभीजी, ऑक्सिजन मिलेगा!” चौधरी भाऊ फोनवरूनच ओरडले.

मरो तो ऑक्सिजन. मी गेले ती एकाच कारणाने. इंजेक्शन घेतलं की सरांना वेळेवर खावं लागतं, नाहीतर शुगर भसकन खाली येते. दरदरून घाम, जीभ जड, डोळे फिरलेले. एकदा घरात झालं होतं तसं, हात धरून साखर भरवली तेव्हा माणूस परत आला. आणि आमच्या माणसाला गप्पा सुरू झाल्या की खायची शुद्ध राहत नाही. म्हणून डबा माझ्या पिशवीत आणि मी त्यांच्या मागे, असं ठरलं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी सरांचं नाव घेत नाही. आमच्या घरात सासूबाईंनी घेतलं नाही, जाऊबाई घेत नाही, मीही नाही. ‘अहो’. फार झालं तर ‘अश्विनीचे पप्पा’. हळदीकुंकवाला बायका अडवतात तेव्हा उखाण्यात तेवढं ‘राव’ लावून घ्यायचं, तेही तोंडातल्या तोंडात. दवाखान्यात खिडकीवरची पोरगी ‘पेशंट का नाम?’ विचारते तर मी आधार कार्ड पुढे करते. लेक हसते मला. “आई, पप्पा हरवले तर काय करशील गं?” असं एकदा म्हणालीही होती.

तर गेलो. सकाळ मोठी छान होती, हे मान्य करते. पावसाने वाढलेलं गवत वाळून पिवळं झालं होतं. साग, सालई, धावडा, मध्येच एखादं अंजनाचं झाड. फाटकाशी गाडी थांबली तेव्हाच चौधरी भाऊ म्हणाले, “बस, छतरी तो ये सामने है, वहीं खाना खाएंगे.” आणि आमच्या सरांनी तिथेच, गाडीत बसून, जेवणाआधीचं इंजेक्शन टोचून घेतलं!

“अहो, आधी वर तर पोचू द्या...”

“अगं, समोर तर आहे. ऐकलं नाहीस का?”

समोर म्हणे. जंगलातल्या माणसाचं ‘समोर’ आणि आपलं ‘समोर’ यात अख्खी टेकडी असते. चालतोय, चालतोय, छत्री काही येईना. लेकीचे बूट घातले होते, टाच सोलून निघाली. सगळे पुढे गेले, गावचा माणूसही त्यांच्याबरोबरच. मागे आम्ही दोघंच. मी एका दगडावर बसले आणि म्हटलं, आता मला उचलून न्या नाहीतर इथेच सोडा.

“बूट नीट घाल, मी त्या वळणावर थांबतो. तिथून पुढचे दिसतात का बघतो,” असं म्हणून सर गेले. हातात फक्त पाण्याची स्टीलची बाटली. त्यांना म्हणायला हवं होतं की दोन घास खाऊन जा... माझं लक्ष टाचेत.

रुमाल घडी करून बुटात घातला आणि लंगडत वळणावर आले. सर नव्हते. पुढची वाट सरळ होती, लांबपर्यंत दिसत होती. तिथेही नव्हते. वाटेच्या डाव्या हाताला उतार, सगळा साग. उजव्या हाताला दाट झाडी, तिच्यामागे कोरडा नाला.

“अहो!” मी हाक मारली.

“ओ...” डावीकडून, उतारावरून.

त्यांचाच आवाज. अगदी तोच. घरी मोरीतून देतात तशी लांबवलेली ओ. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं फिरलं. कशाला उतरले तिकडे? पक्षी दिसला असेल मेला एखादा!

“अहो, वर या ना! खायचं आहे तुम्हाला!”

“ये...”

म्हटलं, पाय घसरला असेल, वर येता येत नसेल. मी उतरले. सागाची वाळलेली पानं गुडघ्याच्या खालपर्यंत, पाय टाकला की चर्रर्र आवाज. थोडं खाली गेल्यावर पुन्हा विचारलं, “अहो, कुठे आहात?” पुन्हा “ओ...”, आणखी खालून. मी आणखी उतरले. काट्यांनी ओढणी ओढून घेतली, ती तिथेच राहिली. फोन काढला तर नेटवर्क नाही. “अहो, जागेवर थांबा हो! मी येऊन राहिले ना!” “ये...” असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. ऊन डोक्यावर आलं होतं आणि मनात एकच, इंजेक्शन घेतलंय, पोटात काही नाही, डबा माझ्याकडे.

रडायला लागले मी. रडत रडत शिव्या देत होते. त्यांना, चौधरी भाऊंना, त्या बुटांना.

मग दम लागून थांबले तेव्हा लक्षात आलं. मी एक पाऊल टाकलं तरी सगळं रान वाजतंय. आणि सर सारखे पुढे पुढे चाललेत, पण तिकडून पानाचा आवाज नाही. एकदाही नाही.

तरी मनाची समजूत घालत विचारलं, “अहो, घाम येतोय का तुम्हाला?”

“ये...”

“अश्विनीचे पप्पा! बोला ना नीट!”

“ओ...”

तिसरा शब्द नाही. ज्या माणसाला मी ‘चहा घेता का’ विचारलं तर चहाच्या पानाचा इतिहास सांगतो, तो ओ आणि ये एवढंच बोलतोय? आणि मी हाक तरी कोणाला मारतेय? अहो! अहो म्हणजे कोण? कोणीही. जो ऐकेल तो.

तिथे त्या सागात उभी राहून मी आयुष्यात पहिल्यांदा, राव नाही, उखाणा नाही, नुसतं, पोटातून ओरडले, “भास्कर!”

समोरून काही आलं नाही. इतका वेळ दर हाकेला ओ मिळत होती, ती बंद. सगळं रान गप्प. मी पुन्हा ओरडले. घसा फाटला. “भास्कर! भास्कर!” आणि मग माझ्या पाठीमागून, वरून, वाटेच्याही पलीकडून... टण्. थांबून पुन्हा टण्. दगडावर स्टील आपटल्याचा आवाज.

मी कशी वर चढले ते देवालाच ठाऊक. हातापायांवर चढले. वाट ओलांडली, उजवीकडच्या झाडीत घुसले. सर नाल्यात बसले होते, दगडाला टेकून. शर्ट भिजून चिकटलेला, ओठ पांढरे, डोळे उघडे पण ओळख नाही त्यांच्यात. हातातली बाटली उचलायची आणि सोडायची, एवढंच चाललं होतं. पिशवीत दराबा होता, चौधरी भाऊंसाठी घेतलेला. रवा, तूप आणि पिठीसाखर. सरांना तो बोटभरही मी कधी चाटू दिला नाही. तो मूठभर घेऊन त्यांच्या तोंडात कोंबला. गालांना चोळला. “गिळा हो, गिळा... भास्कर, गिळ ना रे!” अरे-तुरे पण केलं, हो. त्यांनी गिळलं. पुन्हा भरवला. हळूहळू नजर माझ्यावर आली, तेव्हा मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून जे रडले, ते आईला पोचवतानाही रडले नव्हते.

आम्ही मागे नाही म्हणून चौधरी भाऊ आणि गावचा माणूस शोधत आले. त्यांनी सरांना धरून फाटकापर्यंत आणलं. बुऱ्हाणपूरला येऊन डॉक्टरांना दाखवलं, सलाईन लागली. वाचले. आणखी थोडा उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरी मी त्यांच्यावर तुटून पडले. “वळणावर थांबतो म्हणालात ना? नाल्यात कशाला मरायला गेला होतात?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “तूच तर बोलावलंस.”

“मी? मी वरून अहो अहो करत होते!”

“नाही. नावाने बोलावलंस. खालून, नाल्यातून. भास्कर, भास्कर...” सर थांबत थांबत बोलत होते. “मला वाटलं, तू आडोशाला गेलीस आणि पडलीस. इतक्या वर्षांत कधी नाव घेतलं नाहीस, आज घेतेय म्हणजे काहीतरी भयंकर झालंय. म्हणून पळत उतरलो. खाली कोणी नव्हतं. मग पाय गेले.”

मी तोपर्यंत नाव घेतलंच नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं. मग ते म्हणाले, “बसलो होतो तेव्हा तू दोन्हीकडून हाक मारत होतीस. नाल्यात पुढे, जवळच, एक आवाज होता. छान, मऊ. ‘भास्कर, इकडे ये.’ आणि मग लांबून एक. भसाडा, फाटलेला. मला कळेना यातली तू कोणती. तुझ्या तोंडून माझं नाव कसं लागतं, हे मला माहीतच नव्हतं ना गं.”

“मग बाटली कोणासाठी वाजवलीत?”

“ते मलाही माहीत नाही,” ते म्हणाले.

आता लोकांची स्पष्टीकरणं. डॉक्टर म्हणतात, शुगर उतरली की माणसाला भास होतात. मान्य. पण माझी शुगर उतरली नव्हती, मला डावीकडून ओ कोण देत होतं? चौधरी भाऊ म्हणतात, “पहाड़ है भाभी, आवाज घूमती है.” घुमतो, पण माझाच आवाज घुमेल ना, सरांचा कसा? ते तर तोंडसुद्धा उघडू शकत नव्हते. गावचा माणूस म्हणाला, रानात एक पक्षी आहे, सगळ्यांची नक्कल करतो. असेल. पण जे नाव मी कधी उच्चारलंच नव्हतं, ते त्याने माझ्या आवाजात कुठून आणलं? सर स्वतः विज्ञानाचे. त्यांना विचारलं की ते विषय बदलतात. इथे कोणाला काही सुचत असेल तर लिहा. मला पटेल असं अजून काही सापडलेलं नाही.

एवढं मात्र झालं की मी आता घरात त्यांना नावाने हाक मारते. सकाळपासून, उगीच. भास्कर, दूध आलं का? भास्कर, पंखा बंद करा. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला, लेक व्हिडीओ काढते, माझी काही हरकत नाही. त्यांच्या कानात बसलं पाहिजे माझ्या तोंडून ते कसं लागतं. पण सर अजून ओ देत नाहीत. हातातलं ठेवतात, उठून येतात, दारात उभे राहून आधी माझं तोंड नीट बघतात. मग म्हणतात, “काय गं?”

मला काहीच काम नसतं. मी ‘काही नाही’ म्हणते आणि शिलाईकडे वळते, थोड्या वेळाने पुन्हा हाक मारते.