हिरोनं खाल्लेला आंबा

एटापल्लीत माझं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे कोण काय बघतं ते मला न विचारता कळतं. मागल्या उन्हाळ्यात सगळे एकच बघत होते, रंजीताचे व्हिडिओ. ही पलीकडच्या जंगलगावातली, मोहफुलं वेचणारी पोरगी. सिनेमाचा तुकडा घ्यायची, त्याचा आवाज पुसायची आणि स्वतःचा आवाज जाड करून हिरोच्या तोंडी आपली बोली घालायची. गुंडांना लोळवता लोळवता हिरो म्हणायचा, "माह्या मोहाखाली काऊन आला बे?" मागे गावच्या लग्नातला ढोल. हसून हसून पोट दुखायचं.

एकदा तिनं हिरोला कैरी खाताना दाखवलं आणि त्याच्या तोंडी टाकलं, "मी रंजीताच्याच गावचा. आमच्या आंब्याले तोड नाई!" व्हिडिओ आलापल्लीपर्यंत गाजला.

तिच्या गावात मात्र आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, व्हायचा होता. देवाला नवा आंबा दिल्याशिवाय तिथं कोणी कैरी तोंडाला लावत नाही. पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या कोलू गायतांनी बैठक बोलावली.

"आंबा कोणं खाल्ला?"

"सिनेमातल्या हिरोनं, बाबा," रंजीता म्हणाली. "तो इथला नाई."

"तूच सांगतलं ना, आपल्या गावचा हाय म्हणून? मंग त्यानं येऊन चूक कबूल करावं. तोवर पंडुम नाई."

पंडुम नाही म्हणजे कोणालाच आंबा नाही. सारं गाव रंजीताकडे बघू लागलं. ती रडत माझ्या दुकानात आली तेव्हा मी भडकलोच. "म्हाताऱ्याले सिनेमा समजते का?"

"समजते, दादा. मीच त्याले गावचा केला. आता मलेच आणा लागते."

आणणार कसा? तो बेटा एकाही सिनेमात कोणापुढे वाकत नाही. तिनं त्याचे सगळे सिनेमे पालथे घातले, तेव्हा एका जुन्या सिनेमात तो आईच्या पायाशी बसलेला सापडला. तिनं आईला काढलं. कोलूबाबांना आंब्याखाली बसवून, हात पुढे करायला लावून त्यांचं शूटिंग केलं आणि आईच्या जागी जोडलं.

मी गावात गेलो तो मजा बघायला. आंब्याखाली सगळे जमले होते. पाटावर फोन उभा केला. हिरो गुडघ्यावर बसला आणि रंजीताच्या आवाजात म्हणाला, "चुकलो, बाबा. पंडुमाआधी खाल्लो." फोनमधल्या कोलूबाबांचा हात त्याच्या डोक्यावर आला. कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, खोटं कशाला सांगू.

समोर बसलेले कोलूबाबा फोनकडे वाकले. मग म्हणाले, "ऊठ, बाबू. उन्हाचा आला असशील."

पंडुम झाला. पळसाच्या पानांवर घराघरांचे वाटे पडले. सगळे देऊन झाल्यावर बाबांनी आणखी एक पान घेतलं आणि फोनसमोर मांडलं. "आपल्या गावचा हाय ना तो. त्याले सोडून कसं खावं?" रंजीता तोंडाला ओढणी लावून रडत होती.

त्या हिरोच्या नावावर मी आजवर किती रिचार्ज विकले असतील. त्याला भूक लागली असेल, असं वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.