वाढवायचं की वधेरायचं

आमच्या सरकारी खाद्य कंपनीचं परिवर्तन बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका हॉटेलात सुरू झालं. पीठ आणि चिक्की तयार होतात सावली गावच्या कारखान्यात. पण परिवर्तनाला एसी लागतो. सल्लागारांनी इंग्रजीत जाडजूड आराखडा केला होता आणि त्याचं गुजराती करायला तो माझ्याकडे आला, कारण मी कंपनीचा भाषांतरकार. सावलीच्या कारखान्यापुढे त्यात एकच शब्द होता: 'रॅशनलाइज'.

"म्हणजे बंद करायचा का, साहेब?" मी आमच्या संचालकांना विचारलं. तेही बडोद्याचे मराठीच. त्यांचे पणजोबा संस्थानात कारकून होते असं माझी आई सांगते. साहेबांच्या घरी ते दिवाणापर्यंत चढले आहेत.

"अजून ठरलं नाही हो. गोल गोल लिहा काहीतरी."

गोल वाक्यं मी जन्मभर लिहिली आहेत. पण या ओळीवर साऱ्या सावलीची रोजी टांगलेली होती. मी ती कोरीच ठेवली.

आराखडा मांडायच्या सभेत सावलीचे कामगार पाहून साहेबांना उत्साह आला. कागद बाजूला सारून ते थेट गुजरातीत बोलू लागले. आम्हा बडोदेकर मराठ्यांचं गुजराती भाजीबाजारात झकास चालतं. व्यासपीठावर मात्र घरची मराठी मधेच डोकं वर काढते. आपण नारळ 'वाढवतो', गुजराती माणूस तो 'वधेरतो', म्हणजे फोडतो. धंदा वाढवायचा तर 'वधारवुं' म्हणायचं. फरक एका मात्रेचा.

"सावलीनुं कारखानुं आपणे वधेरवानुं छे!" साहेब गरजले.

पॅकिंग विभागातल्या एक बेन उठल्या. कामगारांच्या पुढारी, आवाज माइकची गरज नसलेला.

"साहेब, वधारवानुं के वधेरवानुं? अमे ते कांई नाळियेर छीए?"

आम्ही काय नारळ आहोत, या सवालावर हशा पिकला. पहिल्या रांगेतले सरकारी सचिवसुद्धा हसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भाषेची चूक भाषांतरकारानंच निस्तरायची असते, म्हणून मी माइक ओढून घेतला.

"वधारवानुं," मी म्हणालो. "साहेबने कारखानुं वधारवुं छे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सचिवांनीही वाजवल्या, आणि सचिवांनी वाजवलेली टाळी आमच्या कंपनीत कुणी परत घेत नाही.

चहाच्या टेबलापाशी साहेबांनी मला गाठलं. "अहो, मी तसं म्हटलंच नव्हतं."

"मग कसं म्हटलं होतंत, साहेब?"

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि विषय सोडून दिला.

सावलीला चिक्कीचं नवं यंत्र बसलं तेव्हा उद्घाटनाला साहेबच आले. भाषणाचा कागद या वेळी हातात घट्ट धरलेला. बेननी यंत्रापुढे दगड ठेवला आणि नारळ पुढे केला.

"लो साहेब, आने वधेरो."

साहेबांनी तो एका फटक्यात वाढवला.